मला चावलेली माणसं

मी लांडगा बोलतोय. आजवर तीन पिढ्यांना मी बोलायला शिकवलं, आणि माझ्यासमोर तोंड न उघडणारं मूल अजून जन्माला यायचंय.

बरं, तीन पिढ्या जरा जास्त झाल्या. आणि तोंड उघडण्याचं म्हणाल, तर बरीच मुलं ते जांभई द्यायला उघडतात. शिवाय मी कापडाचा आहे. माझे दात जुन्या बनियनचे आहेत, आणि माझ्या तोंडून जे शहाणपण बाहेर पडतं ते माझ्या पोटात हात घालून बसलेल्या ताईचं असतं. एवढं सोडलं तर वरचं सगळं खरं आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला, गिऱ्हाइकाने परत न नेलेल्या कोटाच्या पाठीतून. शिंप्याने उभ्या आयुष्यात लांडगा पाहिला नव्हता. ताईने त्याला चित्र दिलं होतं, ते त्याने बहुतेक उलटं धरलं. त्यामुळे माझे कान गाढवाचे आणि नाक डुकराचं झालं. शेपूट तर त्याने शिवलीच नाही. म्हणाला, "जिथून हात घालायचा तिथे शेपूट कशाला अडमडायला?" पोरं मला कुणी कुत्रा म्हणतात, कुणी उंदीर. एका बापाने "हे अस्वल ना?" असं विचारलं होतं, आणि तो शाळेत प्राणिशास्त्र शिकवायचा.

माझं स्वतःचं शिक्षण अर्धवट आहे. आकडे सहापर्यंत येतात, कारण सहाच्या पुढे मुलं कंटाळून मला भिरकावतात. रंगांत लाल, पिवळा पक्के आहेत, हिरव्याच्या आत वेळ संपतो. पण माणसं मात्र मी पूर्ण शिकलोय. माझी टोपली दाराशी असते आणि दाराबाहेर पालकांचा बाक आहे. तिथे ऐकलेलं कुठल्या पुस्तकात नाही.

आमच्या केंद्राचे मजले दोन. वर मोठ्या बाईंचा खेळवर्ग. तिथे सगळी मुलं एकत्र असतात, पायाला पट्टे लावलेली, कानात यंत्र घातलेली, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही अशीही. खाली ताईची खोली आहे. तिथे एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, एक आरसा आणि मी.

ताई म्हणजे लहान मुलांना बोलायला मदत करणारी बाई. ती मुलांना "बोल, बोल" म्हणत नाही, बोलावंच लागेल अशी वेळ आणते. पेला देते, पण रिकामा. खाऊचा डबा देते, पण झाकण घट्ट लावून. आणि मला चुका करायला लावते. मी टोपी पायात घालतो, बूट चावून खातो, चेंडूचे केस विंचरतो. मग मूल खवळतं आणि ओरडतं, "ए वेड्या, असं नाही!" त्या "असं नाही"साठीच तर सगळा खटाटोप! तहान लागल्यावर माणसाला जेवढं बोलावंसं वाटतं, त्याच्या दुप्पट दुसऱ्याची चूक काढताना वाटतं. हे ताईला मोठमोठी पुस्तकं वाचून कळलं. मला बाहेरच्या बाकावरून कळलं.

अशात मिरची आली. नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा लाल आणि बारीक, म्हणून आजीने मिरची म्हटलं ते चिकटलं. वय पाच. नजर अशी की खोलीतली वस्तू बोटभर सरकली तरी तिच्या लक्षात यायचं. ऐकलेलं सगळं कळायचं. पण डोक्यात तयार झालेला शब्द ओठांपर्यंत येता येता वाटेतच फुटायचा, आणि बाहेर पडायचं नुसतं "अ" किंवा "म्म".

"जीभ चांगली आहे, डोकंही चांगलं आहे," ताईने समजावलं. "दोघांचं एकमेकांशी जमायला वेळ लागेल."

"म्हणजे माझं आणि ह्यांचं आहे तसंच," मिरचीची आई म्हणाली.

'हे' म्हणजे वकील. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची फी घेणारा माणूस, घरी तेच काम फुकट करायचा. ताईने मिरचीला विचारलं, "लाल चेंडू हवा की निळा?" तर वकीलसाहेब म्हणाले, "तिला निळा आवडतो." मी विचारलं, "तुझं नाव काय?" तर वकीलसाहेबांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, नावाचा अर्थही सांगितला. त्यांच्या मागे आजी. ती बोलायची नाही, सरळ भरवायची. मिरचीने "अ" केलं की आजीच्या हातातलं केळं त्या "अ"मध्ये जायचं. बिचारीला "आई" म्हणायचं होतं की "आग लागली" म्हणायचं होतं, कुणाला पत्ता नाही. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, केळं.

आणि मिरची चावायची.

आत्तापर्यंत वरच्या मदतनीस बाईंचं मनगट झालं होतं. एका मुलाचा खांदा झाला होता. केंद्र पाहायला आलेल्या एका पाहुण्यांचा अंगठाही झाला होता, आणि ते पाहुणे देणगी द्यायला आले होते. मग मात्र मोठ्या बाई खाली उतरल्या.

"आणखी एकदा चावली तर तिला घरी ठेवावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

मिरचीची आई पांढरी पडली. तिला चावण्याची लाज वाटत होतीच, पण खरी भीती वेगळी होती. वर खेळवर्गात मिरचीची एक मैत्रीण होती, चाकाच्या खुर्चीतली. दिवसभर मिरची ती खुर्ची ढकलत फिरायची. दोघींनी कामं वाटून घेतली होती, एकीने चालायचं आणि एकीने बोलायचं. दुसऱ्या कुठल्याही वर्गाने मिरचीला घेतलं नव्हतं, आणि घेतलं असतं तरी अशी मैत्रीण काही वर्गाबरोबर मिळत नाही.

मग मिरची का चावते यावर खल सुरू झाला. आजी म्हणाली, "दाढा येत असतील." वकील म्हणाले, "टीव्हीचा परिणाम." मोठ्या बाई म्हणाल्या, "घरचं वळण." ताईने तिला चघळायला रबराची कडी दिली. मिरचीने ती सभ्यपणे टेबलावर ठेवली आणि माझा डावा कान तोडला. मोठ्या बाईंनी तो मोजला नाही. लांडग्याचं चावणं धरायचं नाही म्हणे! मी लांडगा, मला एक मुलगी चावली, आणि माझी साधी तक्रारसुद्धा कुणी ऐकून घेईना.

शेवटी ताई म्हणाली, "तिला बोलायला दुसरी वाट देऊ. चित्रांचा तक्ता करू. बोट ठेवलं की झालं बोलणं."

"बोट दाखवायची सवय लागली तर तोंड कशाला उघडेल?" आजीने विचारलं.

"आजी, रांगणारं मूल चालायचं राहतं का?"

आजी गप्प झाली. आजी गप्प झाली म्हणजे पटलं असं नव्हे, केळं सोलायला वेळ हवा होता.

तक्ता मात्र सगळ्यांनी हौसेने केला. आईने पाणी, शू, झोप दिलं. आजीने केळं दिलं, स्वतःचा फोटो दिला, आणि पापी. वकिलांनी धन्यवाद, माफ करा, कृपया. मोठ्या बाईंनी वरून दोन चित्रं पाठवली, रांगेत उभी राहते आणि शांत बसते. ताईने चेंडू, झोका आणि अजून. रंगीत, गुळगुळीत, कडा गोल केलेला असा देखणा तक्ता की पाहतच राहावं. त्याच्यावर बोट ठेवून माणूस फक्त गोडच बोलू शकला असता. राजाच्या दरबारात उभ्या केलेल्या भाटाला द्यावा असा तक्ता!

मिरचीने तो शिकायला वेळ लावला नाही. पाणी हवं, पाणी मिळालं. झोका हवा, झोका मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या आठवड्यात तिने माझा खालचा जबडा उसवला.

वकीलसाहेब चिडले. "ताई, एवढी सोय करून दिली, तरी चावते. म्हणजे हा मुद्दाम त्रास देण्याचा प्रकार आहे."

"नीट वापरायला शिकवावं लागेल," ताई म्हणाली. तिचाही धीर सुटत चालला होता. "असं करा, तुम्ही तिच्या जागी बसा. मिरची बघेल आणि शिकेल. तोंडातून आवाज काढायचा नाही, फक्त बोट."

"अहो, पण मी..."

"आवाज नाही."

वकीलसाहेब बुटक्या खुर्चीत बसले. गुडघे कानांना लागले. मिरची आईच्या मांडीवर बसून बघू लागली. ताईने मला हातात चढवलं, आणि मी कामाला लागलो.

"बाळा, खाऊ हवा ना?"

वकिलांनी सभ्य माणसासारखं केळ्यावर बोट ठेवलं. मी तुकडा भरवला. तेवढ्यात आजी सरसावली. "असं नाही गं, बबड्याला कुस्करून लागतं. लहानपणापासून." आणि आजीने कुस्करलेलं केळं पुढे केलं.

वकिलांनी मान मागे घेतली. मी मान पुढे आणली. त्यांनी घाईघाईने "धन्यवाद"वर बोट ठेवलं.

"अरे वा, धन्यवाद म्हणाला!" मी ओरडलो. "किती गुणी बाळ! अजून एक घास."

"गुणाचंच आहे माझं लेकरू," म्हणत आजीने पापी घेतली. वकिलांचा चष्मा वाकडा झाला.

त्यांनी "माफ करा" दाखवलं. "अगं बाई, माफी कशाची रे सोन्या? आ कर."

"शांत बसते" दाखवलं. "बसलायस की! शहाणा तो! आ कर."

मग वकिली डोकं चाललं. पळवाट! त्यांनी "शू"वर बोट ठेवलं.

"आत्ताच तर जाऊन आलात," आई म्हणाली. मांडीवरची मिरची पुढे वाकली होती. तिची नजर बापाच्या बोटाला चिकटली होती.

वकिलांनी हताश होऊन "झोप" दाखवलं. झालं! मी त्यांच्या कानात अंगाई सुरू केली. आजी मागून रुमालाने त्यांचं नाक पुसू लागली. नाक पुसता पुसता एक घास, घासावर एक पापी, पापीवर अंगाईचं दुसरं कडवं. वकिलांचं बोट तक्त्यावर वरून खाली फिरलं, खालून वर फिरलं, कुठेच टेकेना.

आणि मग ते मला चावले.

अगदी कचकन. नाकाला. आत ताईचं बोट होतं.

"आई गं!" मी किंचाळलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनातलं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

मग मिरची हसली. अशी हसली की आईच्या मांडीवरून घसरली आणि जमिनीवर बसून हसत राहिली.

"अहो!" आई म्हणाली. "तुम्ही काय चावताय?"

"मग काय करू?" वकील कडाडले. "यात 'नको' आहे कुठे?"

बोलले आणि तसेच थांबले. हनुवटीला केळं लागलेलं, माझ्या नाकाचा एक धागा ओठावर.

ताईने तक्ता ओढून घेतला. बघत राहिली. वर पाहिलं, खाली पाहिलं. एवढी शिकलेली बाई, मुद्दाम चुका करण्यात माझी गुरू, पण ही चूक काही तिने मुद्दाम केलेली नव्हती. पाच जणांनी मिळून त्या पोरीला बोलायला जागा दिली होती, आणि प्रत्येकाने आपल्याला जे ऐकायचं होतं तेच त्यात चिकटवलं होतं. तिला हो म्हणायला चौदा वाटा, आणि नाही म्हणायला दात.

"त्या मदतनीस बाई," आई हळूच म्हणाली, "मागून येऊन तिचं नाक पुसतात. असंच, न विचारता."

"आणि तो मुलगा मैत्रिणीची खुर्ची हिसकावत होता," ताई म्हणाली.

"पाहुण्यांनी काय केलं होतं?" वकिलांनी विचारलं.

"गालगुच्चा."

वकिलांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचं नाक स्वतः पुसलं.

ताईने तिथल्या तिथे नवी चित्रं काढली. तोंड फिरवलेला चेहरा म्हणजे नको. भरलेलं ताट बाजूला सारणारा हात म्हणजे पुरे. शिवाय थांब, मी आणि तू. मिरचीने "नको"वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरकलो. तिने पुन्हा ठेवलं. मी आणखी मागे सरकलो. मला टेबलावरून खाली पाडेपर्यंत तिने ते बोट उचललं नाही. एका बोटाने लांडगा हाकलता येतो हे कळल्यावर तुम्ही तरी थांबला असता का?

पुढचे दिवस घरच्यांचे हाल झाले, आणि मला ते दर भेटीत ऐकायला मिळाले. एवढी करमणूक माझी कधी झाली नव्हती. केळं नको. हा फ्रॉक नको. पाहुण्यांना नाच करून दाखव, नको. आजीची पापी, नको. आजी रडली. वकीलसाहेब ताईला म्हणाले, "ताई, मला मान्य आहे, हा तिचा हक्क आहे. पण रविवारी तेवढं एक चित्र काढून ठेवता येईल का?"

"तुमच्या कोर्टात रविवारी हक्क काढून ठेवतात का?"

"रविवारी कोर्ट बंद असतं," वकील पुटपुटले.

आजीने मात्र परवानगी मागायची भानगड ठेवली नाही. तिने गुपचूप "नको"वर आपलाच फोटो चिकटवला. मिरचीने तोंड फिरवलेला चेहरा शोधला, तर तिथे आजीचं हसू. दुसऱ्या घासाला ती आजीच्या बोटाला चावली. आजीने स्वतःच नखाने फोटो खरवडून काढला. मला सांगताना म्हणाली, "तिचं नको परवडलं रे लांडग्या, तिचे दात नको." बघा, आजीसुद्धा नको म्हणायला शिकली. मात्र वर कुणाला सांगू नका अशी ताकीद दिली, कारण मोठ्या बाई घरातलं चावणंही मोजतील अशी तिला भीती होती.

तर आज माझी अवस्था अशी आहे. कान एक. जबडा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. नाकावर वकिली दातांची खूण आहे, ती मी मुद्दाम शिवून घेतली नाही, मानाची आहे. माझ्या जागी बाजारातून नवं गुलाबी अस्वल आणायचं चाललंय. धुता येतं म्हणे. येऊ द्या. त्याला चावून दाखवा म्हणावं.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. घरी जा आणि तुमच्या मुलाला "नको" म्हणायला जागा आहे का बघा. बोलतं मूल असलं तरी बघा. बोलणाऱ्या मुलांच्या तोंडातलं "नको" तर आपण अजून जास्त शिताफीने परत आत ढकलतो, आणि वर त्याला वळण लावणं म्हणतो.

परवा मोठ्या बाई खाली आल्या. मिरचीला ठेवायचं की नाही ते त्या दिवशी सांगायचं होतं. खोलीत सगळे जमले होते. आई उभीच होती. आजीने येताना केळं आणलं नव्हतं, म्हणजे प्रसंग किती गंभीर ते समजा. वरच्या दाराशी चाकाची खुर्ची थांबली होती आणि तिच्यातून कुणीतरी खाली डोकावत होतं.

मोठ्या बाई वाकल्या. आणि काय सांगू, हाताची सवय! "काय गं गोडुली," म्हणत त्यांनी मिरचीचा गाल चिमटीत धरला.

माझ्या पोटातला हात घट्ट झाला. मिरचीचे ओठ उघडले, दात दिसले. मोठ्या बाईंचा अंगठा अगदी तिथेच होता.

मिरचीने तक्ता ओढला. बोट ठेवलं. नको.

मोठ्या बाई तशाच वाकलेल्या. "काय म्हणते ही?"

आई बोलायला लागली, वकील बोलायला लागले, आजी बोलायला लागली. मिरचीने दुसऱ्यांदा बोट ठेवलं, जरा जोरात. टेबल वाजलं.

मोठ्या बाईंनी हात मागे घेतला. तोच हात त्यांनी आपल्या पाठीमागे नेला, लहान मुलं मार चुकवायला नेतात तसा. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं बाई. राहील ती. आणि मदतनीस बाईंना सांगते, नाक पुसायच्या आधी विचारत जा म्हणून." वर खुर्चीचं चाक आनंदाने दोनदा भिंतीवर आपटलं.

आता असा विजय झाल्यावर भाषण नको का? ताईने मला उंच धरलं आणि मी सुरू झालो. "बघा मंडळी! कान गेला, जबडा गेला, नाक गेलं, पण मी हिला बोलती केली! मी चुका केल्या म्हणून ही शिकली. मी मार खाल्ला म्हणून ही आज वर जातेय. मिरचीच्या मनात काय आहे ते मी सांगतो. मिरचीला म्हणायचंय की लांडगेमामा, तुमचे उपकार..."

मिरचीने माझा जबडा मुठीत धरून बंद केला. दुसऱ्या हाताने तक्ता जवळ घेतला. एक बोट ठेवलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे, अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

"तू. पुरे. मी."